शेवळाची खाज आणि काकडाचा आंबटपणा : शहापूर-मुरबाडच्या रानातील जीवरसायन

वळवाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगरउतारांवर जमिनीतून तपकिरी-जांभळट कोंब वर येऊ लागतात. हीच शेवळे. पुढचे काही आठवडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील स्त्रिया पहाटे रानात जाऊन ती खुडतात आणि त्यांच्या जुड्या बांधून कल्याण, ठाणे व मुंबईच्या बाजारांत विकायला आणतात. जुडीबरोबर लहान आवळ्याएवढी हिरवी फळेही असतात. ती काकडाची. शेवळे घेणाऱ्याने काकडेही घ्यायची, असा या विक्रीचा जुना नियम आहे. नवख्या ग्राहकाला ती फळे अनावश्यक वाटतात. मात्र त्यांच्याशिवाय शिजवलेली भाजी पानात आली, की पहिल्याच घासाला जीभ चुरचुरते, घसा खाजतो आणि काही वेळा सुजतोही.

एका भाजीची ही खाज आणि एका फळाचा हा आंबटपणा समजून घेतला, तर सजीव कशाचे बनलेले असतात, या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग हाती येतो. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत येणारी मूलद्रव्ये, आम्ले, शर्करा, प्रथिने आणि जनुके ही सारी या दोन तालुक्यांच्या रानात आणि चुलीवर पाहायला मिळतात.

थोडी मूलद्रव्ये, अगणित पदार्थ

निसर्गात नव्वदच्या आसपास मूलद्रव्ये आढळतात. परंतु मानवी शरीराच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग केवळ चार मूलद्रव्यांनी व्यापलेला असतो : ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन. उरलेल्यात कॅल्शियम व फॉस्फरस प्रमुख. शेवळाचा कोंब, भाताचे रोप, मोहाचे झाड आणि ते वेचणारा माणूस यांच्यात याबाबतीत मूलभूत फरक नाही. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. तेच अणू एका रीतीने जोडले गेले तर साखर तयार होते, दुसऱ्या रीतीने जोडले गेले तर आम्ल आणि तिसऱ्या रीतीने विष.

या मांडणीत कार्बनचे स्थान मध्यवर्ती आहे. कार्बनचा एक अणू एकाच वेळी चार बंध जोडू शकतो. त्यामुळे त्याच्या साखळ्या, फांद्या आणि कडी बनतात. पाणी हा या रसायनाचा दुसरा आधार. प्रौढ माणसाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असते आणि ताज्या पालेभाजीत तर त्याचे प्रमाण याहून बरेच अधिक असते. पेशीतील बहुतेक सर्व घडामोडी पाण्यात विरघळलेल्या पदार्थांमध्ये होतात. कोणता पदार्थ पाण्यात विरघळतो आणि कोणता विरघळत नाही, ही साधी बाब रानातल्या स्वयंपाकात किती निर्णायक ठरते, हे पुढे दिसेल.

ऑक्झॅलिक आम्ल : अंगणापासून प्रयोगशाळेपर्यंत

शेवळाच्या खाजेचे मूळ ऑक्झॅलिक आम्लात आहे. हे अगदी लहान सेंद्रिय आम्ल. त्याच्या रेणूत कार्बनचे अवघे दोन अणू, हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे चार. अंगणात, कुंडीत आपोआप उगवणारी तीन पानांची आंबुशी चघळली तर जो आंबटपणा जाणवतो, तो मुख्यतः याच आम्लाचा आणि त्याच्या क्षारांचा. आंबुशीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस. त्यावरूनच आम्लाला हे नाव मिळाले.

रसायनशास्त्राच्या इतिहासात या आम्लाला मानाचे स्थान आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७७६ मध्ये साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते मिळवले. त्या काळी सजीवांतील पदार्थ केवळ ‘जीवशक्ती’मुळेच निर्माण होतात, असा समज होता. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर यांनी १८२४ मध्ये सायनोजेन या वायूपासून ऑक्झॅलिक आम्ल तयार केले. चार वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यांनी युरिया हा मूत्रातील पदार्थही प्रयोगशाळेत बनवला. पाठ्यपुस्तकांत युरियाचा प्रयोग अधिक गाजला. पण वनस्पतीत सापडणारा पदार्थ वनस्पतीविना तयार होऊ शकतो, हे त्याआधीच ऑक्झॅलिक आम्लाने दाखवून दिले होते. जीवसृष्टीचे रसायन वेगळ्या नियमांनी चालत नाही, या आजच्या जीवशास्त्राच्या पायाभूत विचाराची ती सुरुवात म्हणता येईल.

वनस्पती हे आम्ल बनवतात कशापासून? त्याचा एक महत्त्वाचा मार्ग ‘क’ जीवनसत्त्वातून जातो. सहा कार्बन अणूंचा ‘क’ जीवनसत्त्वाचा रेणू फुटतो आणि त्यातील दोन कार्बन अणूंचे ऑक्झॅलेट बनते. आरोग्यास उपकारक मानला जाणारा पदार्थ आणि घशाला खाजवणारा पदार्थ यांचे नाते इतके जवळचे आहे.

पेशीतील सुया

शेवळाचे शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सुरण याच प्रजातीचा, तर अळू याच कुळातले. या कुळातील अनेक वनस्पतींच्या काही खास पेशींमध्ये ऑक्झॅलेट आणि कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक बनतात. हे स्फटिक दोन्ही टोकांना निमुळत्या सुयांसारखे असून एका पेशीत त्यांची गड्डीच बांधलेली असते. त्यांना रॅफाइड म्हणतात. सुई या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे.

वनस्पतीला या सुयांचा दुहेरी उपयोग होतो. मुळांवाटे आलेले जादा कॅल्शियम निरुपद्रवी स्वरूपात साठवता येते आणि पाने-कोंब खाणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवता येते. कच्चे शेवळ चावले, की पेशी फुटतात आणि सुया जीभ, गाल व घसा यांच्या नाजूक अस्तरात रुततात. सुयांनी केलेल्या सूक्ष्म जखमांतून वनस्पतीतील प्रथिने तोडणारी विकरे आत शिरतात आणि दाह वाढवतात, असे या कुळातील वनस्पतींच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणजे टोचणारी सुई आणि तिच्याबरोबर जाणारे प्रथिन अशी ही जोडी आहे.

काकडाचे काम

काकड म्हणजे गरुगा पिन्नाटा हा पानझडी वृक्ष. शेवळे उगवण्याच्या सुमारासच त्याची आंबट फळे तयार झालेली असतात. काकडे न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल वापरले जाते. फळ कोणते, याला दुय्यम महत्त्व आहे; आंबटपणा मात्र हवाच.

कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सामान्य तापमानाला एक लिटर पाण्यात ते जेमतेम ६ ते ७ मिलिग्रॅम विरघळते. म्हणून शेवळे नुसती पाण्यात उकळून, ते पाणी फेकून भागत नाही. आम्लाच्या सान्निध्यात चित्र बदलते. आम्लातील हायड्रोजनचे आयन ऑक्झॅलेटला चिकटतात, त्याची कॅल्शियमवरील पकड सैल होते आणि स्फटिक काही प्रमाणात झिजू लागतात. चिंचेतील टार्टारिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले मोकळ्या झालेल्या कॅल्शियमला धरूनही ठेवतात. स्वयंपाकघरातील आम्ल सौम्य असल्याने सगळे स्फटिक विरघळत नाहीत. उरलेले काम उष्णता करते. अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर घट्ट होतो, तो त्यातील प्रथिनांची घडी मोडल्यामुळे. तशीच शेवळातील विकरांची घडी दीर्घकाळ शिजवल्याने मोडते आणि ती निष्क्रिय होतात.

पारंपरिक कृतीतील प्रत्येक पायरीला असा अर्थ आहे. कोंबावरचे आवरण सोलणे, आतल्या दांड्यावरचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाकणे, चिरण्यापूर्वी हाताला तेल लावणे, काकडांच्या रसात शिजवणे आणि शिजवण्याची घाई न करणे. यातली एखादी पायरी गाळली तर तिची शिक्षा त्याच जेवणात मिळते. असे असूनही घशाला सूज येऊन श्वास घेणे किंवा गिळणे अवघड झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांसाठी ही माहिती आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. मूतखड्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या खड्यांचे असते. पालेभाज्यांतील ऑक्झॅलेटचा काही भाग पाण्यात विरघळणारा असतो. भाजी उकळून पाणी टाकून दिल्यास तो कमी होतो. जेवणात दही-ताकासारखा कॅल्शियमयुक्त पदार्थ असेल तर ऑक्झॅलेट आतड्यातच कॅल्शियमशी बांधले जाते आणि रक्तात कमी शोषले जाते. अर्थात ज्यांना वारंवार खडे होतात त्यांनी अशा भाज्यांबाबत वैद्यकीय सल्ला घेणेच इष्ट.

कडू करांदा आणि वाहते पाणी

शेवळाचा दोष पाण्यात विरघळत नाही. कडू करांद्याची पद्धत मात्र पाण्यावरच उभी आहे. करांदा म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेरा या वेलीचा कंद. त्याच्या लागवडीतल्या गोड वाणांची फळासारखी लोंबणारी कांदे कोकणात उकडून खाल्ली जातात. रानातल्या कडू वाणात डायोस्बल्बिन गटातील कडू संयुगे असतात. ती मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते.

सह्याद्रीतील आदिवासी कुटुंबे अशा कडू कंदांचे पातळ काप करतात, ते राखेबरोबर उकडतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. काप जितके पातळ, तितका पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग मोठा. उकडल्याने पेशींची पटले फुटतात आणि आतले पदार्थ बाहेर पडायला वाट मिळते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असल्याने पाणी अल्कधर्मी बनते. साठलेल्या पाण्यात कडू पदार्थाचे प्रमाण आत-बाहेर सारखे झाले, की तो बाहेर पडणे थांबते. वाहते पाणी बाहेरचे प्रमाण सतत कमी ठेवते, त्यामुळे विसरण चालूच राहते. काप चाखून कडवटपणा उरला आहे का, हे पाहिल्याशिवाय ते खाल्ले जात नाहीत. जिभेवरची कडू चव ही विषारी पदार्थ ओळखण्याची सजीवांची जुनी चाचणी आहे.

याच डायोस्कोरिया प्रजातीने आधुनिक औषधशास्त्रालाही मोठे योगदान दिले. तिच्या मेक्सिकोतील काही जातींच्या कंदांत डायोस्जेनिन हा पदार्थ असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात त्यापासून प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत शोधली. १९५१ मध्ये मेक्सिकोतच गर्भनिरोधक गोळ्यांत वापरले जाणारे नॉरएथिस्टेरोन तयार झाले.

मोह : साखरेपासून मद्यार्कापर्यंत

शेवळांच्या आधी, चैत्राच्या सुमारास, मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. मांसल पाकळ्यांत भरपूर शर्करा असते. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या तिन्ही शर्करा त्यात सापडतात. वाळवलेली फुले वर्षभर टिकतात, कारण पाण्यावाचून सूक्ष्मजीवांची वाढ होत नाही. तीच फुले पाण्यात भिजवली, की यीस्ट कामाला लागते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डाय ऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. भिजवणावर येणारे बुडबुडे या वायूचे असतात.

हे काम जिवंत यीस्ट करते, असे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. १८९७ मध्ये एडुआर्ड बुकनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून मिळवलेल्या रसानेही साखर आंबते, हे सिद्ध केले. पेशी जिवंत असणे आवश्यक नव्हते. तिच्यातील विकरे पुरेशी होती. १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोहाच्या बियांतील तेल हे त्याच झाडाचे दुसरे भांडवल. फुलात शर्करेच्या रूपात असलेली ऊर्जा बीमध्ये मेदाच्या रूपात दाटून ठेवलेली असते. एक ग्रॅम शर्करेतून सुमारे ४ किलोकॅलरी, तर तेवढ्याच मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. रुजणाऱ्या रोपाला थोड्या जागेत ही शिदोरी पुरते.

भात पोट भरतो, पण...

दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात. सडलेल्या तांदळाच्या वजनाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पिष्टाचा, तर प्रथिने साधारण ६ ते ८ टक्के. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब माळ. भात बराच वेळ चावला, की किंचित गोड लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर ती माळ तोडू लागते.

शरीराची बांधणी मात्र प्रथिनांवर चालते. प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांपैकी ९ माणसाला अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल अपुरे असते. डाळ-भाताची जोडी ते भरून काढते. लोह, कॅल्शियम, फोलेट आणि ‘अ’ जीवनसत्त्वाला लागणारे कॅरोटीन यांच्यासाठी हिरव्या पालेभाज्या लागतात.

या रसायनाला या भागात ऋतूची धार आहे. विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणना होणाऱ्या कातकरी समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. घरातले जुने धान्य संपत आलेले असते आणि नवे भात हाती यायला शरद ऋतू उजाडावा लागतो. नेमक्या या महिन्यांत रान शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, लोत अशा भाज्या देते. शेवळांची जुडी हा हाती येणारा रोख पैसा असतो आणि टाकळा-कुर्डू हे नुसत्या भाताला मिळालेले पोषण. शहरातील ग्राहकाला हंगामी चव वाटणारी गोष्ट गावातल्या गर्भवतीच्या आणि मुलाच्या रक्तातील लोहाशी अशी जोडलेली आहे.

कृती लिहिलेली कुठे असते?

शेवळाला सुया बनवणे आणि भाताला पिष्ट साठवणे कोण शिकवते, याचे उत्तर डीएनए या रेणूत आहे. डीएनएमध्ये चारच अक्षरे असतात. त्यांच्या क्रमानुसार पेशी कोणते प्रथिन बनवायचे हे ठरवते आणि प्रथिने पुढची रासायनिक कामे करतात. भाताच्या १२ गुणसूत्रांवरील जवळपास संपूर्ण क्रम आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३७ हजार जनुके असल्याचा अंदाज मांडला गेला. या प्रकल्पात भारतीय शास्त्रज्ञांनी अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम केले. यीस्ट, भात, शेवळ आणि माणूस यांत अक्षरे तीच आहेत आणि ती वाचण्याची रीतही जवळपास तीच.

शेवळ शिजवण्याची कृती मात्र कोणत्याही डीएनएमध्ये नसते. ती आईकडून मुलीकडे, विक्रेतीकडून ग्राहकाकडे तोंडी जाते. मध्येच कुठे खंड पडला, तर ती आपोआप पुन्हा उगवत नाही.

फुलोरा खुडताना

शेवळ म्हणून जे खाल्ले जाते तो वस्तुतः वनस्पतीचा फुलोरा आहे. जमिनीतील कंद कोरड्या हंगामात सुप्त राहतो. पहिल्या पावसात आधी फुलोरा येतो, नंतर एकच विभागलेले पान. या प्रजातीच्या फुलोऱ्यांना बहुधा कुजक्या मांसासारखा दर्प येतो आणि माश्या व भुंगेरे त्याकडे ओढले जातात. स्त्रीफुले आधी आणि पुंफुले नंतर पक्व होतात. त्यामुळे परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. शेवळाच्या कुळातील अनेक वनस्पतींचा फुलोरा तर स्वतः तापतो आणि त्या उष्णतेने वास दूरवर पसरतो.

फुलोरा खुडला, की त्या वर्षीचे बी बुडते. कंद शिल्लक राहिला तर त्यावर पुन्हा पान येते, पान सूर्यप्रकाशात अन्न बनवते आणि कंद पुढच्या वर्षासाठी भरतो. म्हणूनच काही कोंब मागे ठेवणे आणि कंदाला धक्का न लावणे, यावर या भाजीचे सातत्य अवलंबून आहे. शेवळ पश्चिम घाट आणि त्याच्या लगतच्या प्रदेशातच प्रामुख्याने वाढते. डोंगरउतार सपाट करून भूखंड पाडले किंवा फार्महाऊस उभे राहिले, तर खुडलेल्या कोंबांपेक्षा कितीतरी अधिक हानी होते, कारण तेथे कंदच उरत नाही. काकडाचा वृक्ष तोडला गेला, तर शेवळ असूनही तिचा उतारा हरवतो.

शहरात या भाज्यांची मागणी वाढत आहे. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांनाही प्रतिसाद मिळतो. अशा वेळी जुडी घेताना विक्रेतीला दोन प्रश्न विचारणे हिताचे ठरते : यातला कोणता भाग काढायचा आणि ही कशात शिजवायची? तिचे उत्तर सहसा एका वाक्याचे असते. तोडलेली, न ओळखता आणलेली किंवा काकडांवाचून विकली जाणारी शेवळे मात्र घेऊ नयेत. शंका असल्यास ती शिजवूही नयेत.